एका बाहीचा झगा

ओनोरीन व्हासर माझ्या डोक्यावर राहायची. पॅरिसच्या बातिन्योल भागातल्या आमच्या गल्लीत तळमजल्यावर माझं इस्त्रीचं दुकान, आणि बरोबर त्याच्या वरच्या खोल्यांत ती आणि तिची सासू. माझ्या शेगडीची ऊब वर जायची आणि तिच्या खुर्चीचा आवाज खाली यायचा. खुर्ची सरकली की मला कळायचं, बाई शिवायला बसली. दोनदा सरकली की समजायचं, सासूशी वाजलं.

तिचा नवरा घोडागाडी हाकायचा. जर्मनांनी शहराला वेढा दिला त्या हिवाळ्यात आधी त्याचा घोडा गेला, कारण घोडे तेव्हा खाटकाकडेच जात होते, आणि महिन्याभरात छातीच्या तापानं तोही गेला. ओनोरीन सव्वीस वर्षांची होती. मूल नव्हतं. सासू पिकार्दीतली, खेड्यातली. तिला परत पाठवावं तर तिथेही कुणी उरलं नव्हतं. तेव्हा त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या त्या पडल्याच.

ओनोरीन एका मोठ्या शिवणघरात कामाला लागली. तिथे कामाची वाटणी असते. कुणी फक्त काजं करते, कुणी फक्त झालर लावते. ओनोरीनला बाह्या मिळाल्या. चार वर्षं तिनं बाह्यांशिवाय काही शिवलं नाही. ती म्हणायची, "आदेल, निम्म्या पॅरिसचे हात मी झाकलेत, पण एकीचंही तोंड पाहिलं नाही."

मग एकदा तिला एक तयार झगा पोचवायला चित्रकार लोर्मिएकडे पाठवलं. लोर्मिए हे नाव तेव्हा बऱ्यापैकी चालत होतं. श्रीमंतांच्या बायका, त्यांचे दिवाणखाने, त्यांची कुत्री असली चित्रं तो काढायचा. त्या दिवशी एका सावकाराची बायको चित्रासाठी उभी राहणार होती. झगा घातला, अर्धा तास उभी राहिली, तिला घेरी आली, आणि झगा तिथेच टाकून ती घरी गेली. लोर्मिए डोक्याला हात लावून बसला. उजेड छान होता, रंग कालवलेले होते, आणि झगा खुर्चीवर लोळत होता.

त्यानं ओनोरीनकडे पाहिलं. उंच, ताठ, खांदे रुंद.

"बाई, तासभर उभ्या राहाल?"

"पावाच्या रांगेत बर्फात पाच-पाच तास उभी राहिलेय, साहेब. इथे तर शेगडी आहे."

ती उभी राहिली ती अंधार पडेपर्यंत हलली नाही. पापणीही मोजून लववते, असं लोर्मिए नंतर लोकांना सांगायचा. तेव्हापासून बायका चेहऱ्यापुरत्या येऊ लागल्या, आणि त्यांचे झगे अंगावर घालून ओनोरीन उभी राहू लागली. हळूहळू तिनं शिवणघर सोडलं.

सासूला हे कळलं तेव्हा वर खुर्ची चार वेळा सरकली.

"चित्रकाराकडे जातेस? चित्रकाराकडे बाया काय करायला जातात, मला माहीत नाही होय? कपडे काढायला!"

"आई, मी तिथे कपडे घालायला जाते. दुसऱ्या काढायचे पैसे घेतात, मी घालायचे घेते."

"घालायच्या आधी काढावेच लागतात ना गं?"

वर खुर्ची पुन्हा सरकली. मी खाली इस्त्री धरून एकटीच हसत होते.

लोर्मिए माणूस वाईट नव्हता. पन्नाशीचा, गुबगुबीत, दाढीला अत्तर लावणारा. त्याचा जीव माणसांपेक्षा कापडावर जास्त. मखमलीची सावली जमली की गाणं म्हणायचा. पण कापड आतून कसं उभं राहतं हे त्याला माहीत नव्हतं. एकदा मधल्या सुट्टीत ओनोरीन पाय मोकळे करत चित्रासमोर आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"ही चुणी इथून पडणार नाही."

"मला तर पडलेली दिसली."

"मी वाकले असेन तेव्हा. इथे खाली शिवण आहे, साहेब. शिवण कापडाला धरून ठेवते. चुणी तिच्या खालून सुटायला हवी."

लोर्मिएनं तिच्याकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं, आणि फडक्यानं ती चुणी पुसून टाकली. त्यानंतर कापडाच्या बाबतीत तो तिला विचारल्याशिवाय ब्रश टेकवीना. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, की लोर्मिए यांना शिंप्याइतकं कापड कळतं. त्यानं ते कात्रण भिंतीवर टाचलं. ओनोरीननं ते वाचून मला जसंच्या तसं सांगितलं.

पुढे लोर्मिएला मागणीशिवायही चित्रं काढायची हौस आली. मेच्या मोठ्या प्रदर्शनात नाव व्हावं, म्हणून. पण मागणी नसली की झगा कुठून यायचा? उंची झगा विकत घेणं त्याला परवडणारं नव्हतं. तेव्हा ओनोरीनच म्हणाली, "चित्राला पाठ कुठे असते? तुम्हाला दिसतं तेवढंच शिवते की."

अशी तिनं पुढची बाजू तेवढी असलेली झग्यांची एक जातच काढली. समोरून रेशीम, मागून जुनं फडकं, आणि मध्ये नाड्या. जो हात चित्रात दिसणार नाही त्याला बाही नाही. लोर्मिए खूश. तीन-चार झगे असे झाले.

सेन नदी गोठली तो हिवाळा, अठराशे एकोणऐंशीचा. त्या डिसेंबरात लोर्मिएनं नवं चित्र धरलं, खिडकीपाशी उभी असलेली बाई. ओनोरीनला एका मोठ्या दुकानात ताग्याच्या शेवटाचा धूपछाव रेशमाचा तुकडा मिळाला. रंग अगदी पारव्याच्या गळ्यासारखा. हलवला की राखाडीतून जांभळा, जांभळ्यातून हिरवा. पण तुकडा अपुरा. त्या साली झगे गळ्यापासून पायांपर्यंत एकसंध, अंगाला चिकटून जाणारे असायचे, कमरेला जोड नाही. एवढ्या कापडात ते बसेना. तिनं जमिनीवर कापड पसरून दोन दिवस नुसता विचार केला. शेवटी डाव्या खांद्यापासून उजव्या गुडघ्यापर्यंत तिरपा जोड दिला, आणि जोड लपवायला त्यावर बारीक निऱ्यांची पट्टी बसवली. पाठीला सासूच्या पेटीतली एक चादर. बाही एकच.

तो झगा घालून ती उभी राहायची तेव्हा पाठीमागून चादरीतून गारठा घुसायचा. म्हणून ती चादरीच्या आत नवऱ्याची जुनी लोकरीची गाडीवानाची बंडी घालायची. पुढून सरदारीण आणि मागून गाडीवान! मी एकदा गरम विटा घेऊन तिथे गेले होते. ते सोंग पाहून माझ्या हातातून वीट पडायची बाकी राहिली होती. चेहरा मात्र लोर्मिएनं कुठल्याशा नटीचा घेतला. नटी दोनदा आली, भरपूर खोकली आणि गेली.

मे महिन्यात चित्र प्रदर्शनात लागलं. रविवारी आत जायला पैसे पडत नाहीत, म्हणून आम्ही तिघी गेलो. ओनोरीन, मी, आणि पांढरी खेडवळ टोपी घातलेली सासू. माणसांचा पूर होता. भिंती खालपासून छतापर्यंत चित्रांनी भरलेल्या, मान दुखून येत होती. आमचं चित्र डोळ्यांच्या जरा वर होतं, म्हणजे बरी जागा. आणि त्याच्यासमोर बायकांचा घोळका.

चेहऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

"ती तिरपी पट्टी बघितलीस?"

"त्यानं कंबर किती बारीक दिसते बघ."

"लंडनची असणार. आपल्याकडे असलं धाडस कोण करतं?"

ओनोरीन माझा दंड धरून उभी होती. तिची बोटं रुतत होती. सासू मान वर करून खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तू आहेस ही? मुंडकं बदललंय वाटतं."

"हो, आई."

"बरी दिसतेस. मागून कसा आहे?"

ओनोरीननं ओठ चावला. "मागून तुमची चादर आहे."

"कुठली चादर?"

"लाल दोऱ्यानं नाव घातलेली."

"माझ्या लग्नातली!" म्हातारी एवढ्या मोठ्यानं ओरडली की तीन टोप्या वळल्या. "आणि मी नाताळापासून आपल्या इमारतीच्या दारवाल्या बाईला चोर म्हणतेय!"

दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात ती सगळ्यांना सांगत होती, की मोठ्या प्रदर्शनात आमच्याकडची चादर लागलीय, फक्त दिसत नाही.

चित्राला गिऱ्हाईक मिळालं, आणि शिवाय आणखी कुणाला तरी त्याची लहान नक्कल हवी होती. त्या नकलेसाठी ओनोरीन पुन्हा तो झगा घालून उभी राहू लागली. असंच एका सकाळी ती पडद्याआड नाड्या बांधत असताना लोर्मिएकडे एक बाई आल्या. रुआँच्या एका नोटरीची बायको, मादाम ओब्रे. अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम.

"तुमचं ते चित्र मी पाहिलं. चित्राचं मला काही कळत नाही. मला तो झगा हवाय. सप्टेंबरात माझ्या मुलीचं लग्न आहे. कुणी शिवला ते सांगा, म्हणजे मी तुमचा वेळ घेणार नाही."

पडद्याआड ओनोरीनचे हात थांबले.

लोर्मिए हसला. "मादाम, तो झगा कुणीच शिवला नाही. तो इथून आला." आणि त्यानं कपाळावर बोट ठेवलं असणार, कारण बाई म्हणाल्या, "तिथून मला शिवून कसा मिळणार?"

"चित्रकाराची कल्पना, मादाम. ती तिरपी रेघ मला एका सकाळी सुचली."

यानंतर काय झालं ते मला ओनोरीननंही सांगितलं आणि पुढे ओब्रेबाईंनीही, आणि दोघींचं जुळतं. ओनोरीन पडद्याबाहेर आली. झगा अंगावर, एक हात रेशमात आणि दुसरा दंडापासून उघडा. बाईंच्या समोर उभी राहिली, त्यांना डोळे भरून बघू दिलं, आणि मग शांतपणे वळून पाठ दाखवली. नाड्या, चादर, त्यावर लाल दोऱ्यानं घातलेलं सासूचं नाव, आणि चादरीच्या फटीतून डोकावणारा कमरेचा जुना फ्लॅनेलचा परकर.

"झगा मी शिवलाय, मादाम. तिरपा जोड आहे कारण कापड पुरलं नाही. पाठ नाही कारण साहेबांना लागत नव्हती."

मग ओब्रेबाई हसायला लागल्या. त्यांना हसू आवरेना, आणि त्या वर्षीच्या घट्ट झग्यात खुर्चीवर पटकन बसताही येईना. शेवटी त्या खिडकीची चौकट धरून उभ्या राहिल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "मला पाठ लागेल हो! माझी पाठ बघताय ना केवढी आहे? शिवाल?"

"शिवेन."

बाई गेल्यावर लोर्मिए लाल झाला होता. "तुम्ही मला तोंडघशी पाडलंत, व्हासरबाई. माझ्याच घरात."

"चित्र तुम्ही काढलंत, साहेब. ते कोण नाकारतंय?"

"मग काय गरज होती?"

"झगा मी शिवला, एवढंच सांगितलं."

"उद्यापासून येऊ नका."

तिनं झगा उतरवला, घडी करून खुर्चीवर ठेवला, स्वतःचे कपडे घातले आणि घरी आली. माझ्या दुकानात बसून तिनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "रागाच्या भरात चांगली नोकरी घालवलीस, बये."

ती म्हणाली, "राग नव्हता गं. त्या बाईला झगा हवा होता आणि त्याच्याकडे झगा नव्हता. माझ्याकडे अर्धा होता."

नंतरच्या आठवड्यात आमच्या गल्लीत दोन घोड्यांची गाडी थांबली. दारवाली बाई झाडू घेऊन तशीच उभी राहिली. ओब्रेबाई धापा टाकत वर चढल्या, आणि मला वरून हाक आली, कारण मापं लिहून घ्यायला दुसरी कुणी नव्हती. आकडे ऐकून सासू चुलीपाशी तोंडात पुटपुटत होती. बाईंच्या ते कानावर गेलं.

"काय म्हणताय, आजी?"

"आमच्याकडे अशा अंगाला देवाची कृपा म्हणतात, असं म्हणत होते."

"आमच्याकडेही म्हणतात. फक्त माझा नवरा म्हणत नाही."

मग बाईंनी त्यांना काय हवं ते सांगितलं. त्या साली झग्याच्या आतून गुडघ्यांमागे फिती बांधायच्या, म्हणजे कापड पुढून ताणलेलं राहायचं. बायका पाय बांधलेल्या सशांसारख्या चालायच्या. "मला बसता आलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे लग्नाचं जेवण पाच तास चालतं. मुलीच्या लग्नात मला बसायचंय, जेवायचंय, नाचायचंय आणि रडायचंय. हे सगळं होईल असं शिवा, आणि दिसलं मात्र त्या चित्रासारखं पाहिजे."

पुढचा भाग ओनोरीनला यायचा. अडलं ते मागे. चार वर्षं तिनं बाह्या शिवल्या आणि पुढे चार-पाच वर्षं फक्त समोरच्या बाजू. मागची बाजू अशी तिनं स्वतः कधी बेतलीच नव्हती. तिनं स्वस्त मलमल आणली आणि ती माझ्या अंगावर टाचून बघू लागली. पहिल्यांदा मागे इतकं कापड आलं की मी पिठाच्या पोत्यासारखी दिसू लागले. दुसऱ्यांदा सगळं नीट बसलं, पण मी बसले आणि टर्र आवाज झाला. तिसऱ्यांदा बसता आलं, उठता आलं, पण उभं राहिल्यावर ढुंगणापाशी एक विचित्र पिशवी लोंबायला लागली. ओनोरीन त्या पिशवीकडे बघत बसायची. तिचं जेवणात लक्ष नव्हतं. मला वाटायला लागलं, की आता ही बाई रुआँला पत्र लिहून माफी मागणार.

सासू हे सगळं बटाटे सोलता सोलता बघत होती.

"चार दिवस झाले, या घरात पाठीशिवाय विषय नाही. माझी पाठ दुखते तेव्हा कुणी विचारत नाही."

"आई, आत्ता नको."

"आत्ता नको तर केव्हा? तुम्ही शहरातल्या बायका कापड कापता आणि मग ते कमी पडलं म्हणून रडता. आमच्याकडे कापड कापतच नाहीत."

"मग काय करतात?"

म्हातारी उठली. पेटी उघडली, आतून तिचा गावाकडचा जाड निळा घागरा काढला आणि ओनोरीनच्या मांडीवर टाकला. मीही वाकून पाहिलं. कमरेपाशी कापड इतक्या बारीक, खोल आणि एकसारख्या निऱ्यांत ओढलेलं होतं, की वीतभर कापड बोटभर झालं होतं. कमरेवर अगदी सपाट, आणि खाली हळूहळू उलगडत जाणारं. एकेका निरीत तीन-तीन धावदोरे.

"यात बसून आम्ही गाया पिळल्या," म्हातारी म्हणाली. "कुंपणावरून उड्याही मारल्या. तुझा नवरा पोटात असताना हाच घातला होता. कधी टर्र झालं नाही."

ओनोरीननं निऱ्या उलट्या करून पाहिल्या, ताणून पाहिल्या. मग ती म्हणाली, "आई, हे मला शिकवा."

"आता नको म्हणालीस ना?"

"शिकवा हो."

म्हातारीनं बटाटे बाजूला सारले. दोघी खिडकीपाशी बसल्या आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत उठल्या नाहीत. दोन माना एका कापडावर वाकलेल्या मी त्या घरात पहिल्यांदा पाहिल्या. म्हातारी टाका चुकला की बोटावर चापट मारायची, आणि छत्तीस वर्षांची ओनोरीन ती निमूट खायची.

निऱ्या कमरेवर नाही बसवल्या, कारण पुढून एकसंध दिसायला हवं होतं. ओनोरीननं त्या मागच्या बाजूला जरा खाली, कमरेच्या हाडाखाली घेतल्या. उभं राहिलं की पाठ सरळ, बसलं की कापड पंख्यासारखं सुटायचं. चौथ्यांदा मी बसले, उठले, वाकून बूट बांधला आणि दारवाल्या बाईसमोर दोन गिरक्या घेतल्या.

रेशीम बाईंनी स्वतः पाठवलं होतं, भरपूर. ते बेतताना मात्र ओनोरीननं माझ्या छातीत धडकी भरवली. आता कापड अपुरं नव्हतं, तिरप्या जोडाची गरजच नव्हती. निऱ्यांची पट्टी नुसती वरून बसवली असती तरी भागलं असतं. तिनं कात्री घेतली आणि ते अखंड रेशीम खांद्यापासून गुडघ्यापर्यंत चिरलं.

"अगं! काय करतेस?"

"जोड दिल्याशिवाय पट्टी उभी राहत नाही, आदेल. नुसती चिकटवली तर नाटकातल्या मिशीसारखी दिसेल."

सगळ्या शिवणी मी इस्त्रीनं बसवल्या. रेशमाला पाणी लागू द्यायचं नसतं. दोन फडक्यांच्या मधून, श्वास धरून. ऑगस्टच्या शेवटी झगा खोक्यात घालून रुआँच्या गाडीत चढवला. मग तीन आठवडे काही नाही. ओनोरीन या काळात दुसऱ्यांच्या चादरी दुमडून तुरपाई करत होती, आणि लोर्मिएचं नाव घरात निघत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात पत्र आलं, आणि त्याबरोबर सासूच्या नावानं लोण्याचं मडकं. पत्र माझ्या दुकानात मोठ्यानं वाचलं गेलं. बाईंनी लिहिलं होतं: पाच तास बसले. नऊ पदार्थ खाल्ले. व्याह्यांबरोबर नाचले, चर्चमध्ये रडले, आणि एक टाका उसवला नाही. माझ्या नवऱ्यानं विचारलं, झगा कुठला, आणि मी सांगितलं नाही, कारण त्यानं आधी माझ्याकडे बघायला हवं होतं. माझ्या तीन मैत्रिणी तुमच्याकडे येतील. एक बारीक आहे, तिच्यावर रागावू नका.

तिघी आल्या. मग त्यांच्या जावा, बहिणी. हिवाळ्यात ओनोरीननं दोन मुली हाताखाली ठेवल्या आणि शेजारची खोली घेतली. निऱ्या मात्र सासूच घालायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

पुढच्या वसंतात मोठ्या दुकानांच्या काचेआड तिरप्या पट्टीचे तयार झगे लटकले, ढिगानं. मी रागानं लाल झाले. ओनोरीनला ओढत तिथे नेलं. "बघ! सगळं उचललंय!"

तिनं काचेला नाक लावून पाहिलं. दुकानात एक बाई तोच झगा घालून आरशासमोर वळली. मागे तीच गुडघ्याची फीत, आणि ढुंगणापाशी पिशवी.

"चित्रावरून उचललंय गं," ओनोरीन म्हणाली. "चल, मला सुयांची पाकिटं घ्यायचीत."

पुढे दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, लोर्मिए आमच्या जिन्यावर दिसला. हातात साखरेत मुरवलेल्या चेस्टनटचं खोकं. तो आणखी जाड झाला होता. प्रत्येक पायरीवर थांबत होता, आणि मजला तर एकच होता. मी काहीतरी निमित्त काढून त्याच्या मागोमाग वर गेले. असलं कोण चुकवेल?

दार सासूनं उघडलं. त्याला पायापासून दाढीपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "चित्रकार ना? माझी चादर आणा."

"कुठली चादर?"

"लाल दोऱ्याची. लग्नातली."

लोर्मिएनं कावऱ्याबावऱ्या नजरेनं ओनोरीनकडे पाहिलं. "ती... बहुतेक मी ब्रश पुसायला..."

"ब्रश पुसायला!" म्हातारीनं त्याच्या हातातलं खोकं काढून घेतलं आणि ते घेऊन ती चुलीपाशी जाऊन बसली. तिच्या दृष्टीनं हिशेब मिटला.

लोर्मिए खुर्चीच्या टोकावर टेकला. "व्हासरबाई, आता सगळे बायकांच्या पाठी रंगवतायत. झग्यांना मागे पुन्हा उशा आल्या, झालरी आल्या. पियानोपाशी उभी असलेली बाई, पाठमोरी, असं माझ्या मनात आहे. कुणाला शिवायला सांगितलं तरी ते..." त्यानं हातानं हवेत काहीतरी लोंबतं दाखवलं. "तुम्ही शिवाल? आणि उभ्याही राहाल?"

"शिवेन. उभी राहणार नाही. माझ्याकडे आता बसायला खुर्ची आहे."

"बरं. दुसरी बघतो."

"आणि कुणी विचारलं, झगा कुणाचा, तर?"

त्यानं टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, "व्हासर. बातिन्योल. इस्त्रीच्या दुकानावर."

"तेवढं पुरे," ओनोरीन म्हणाली, आणि मापाची फीत घेऊन उठली.

त्यानं शब्द पाळला, हे मला माहीत आहे, कारण त्या हिवाळ्यात माझ्या दुकानात वरचं गिऱ्हाईक चुकून शिरायचं आणि जाताना नवऱ्याचे सदरे टाकून जायचं. ते पाठमोरं चित्र लिल शहरातल्या एका कारखानदारानं घेतलं. दोघांत मैत्री झाली असं म्हणणार नाही. नव्या वर्षाला तो चिठ्ठी पाठवायचा आणि ती उत्तर लिहायची, तेवढंच.

म्हातारी शहाऐंशीच्या वसंतात गेली, तीन दिवसांच्या आजारानं. शेवटच्या दिवशी तिनं ओनोरीनचा हात धरून विचारलं, "मुलींना निऱ्या येतात का गं?" ओनोरीन म्हणाली, येतात. "खोटं बोलतेस. पण चांगल्यासाठी बोलतेस." एवढं बोलून ती भिंतीकडे वळली. नवरा गेला तेव्हा ओनोरीन माझ्यासमोर रडली नव्हती; सासूसाठी मात्र माझ्या इस्त्रीच्या टेबलावर डोकं ठेवून ती सबंध सकाळ रडली. मी तिच्या आजूबाजूनं कपडे उचलत राहिले.

त्यानंतरही ती पंधरा-सोळा वर्षं जगली आणि काम करत राहिली. फार श्रीमंत झाली नाही. हाताखालच्या दोघींची लग्नं झाली, एकीनं आपलं दुकान काढलं. सायकली आल्या तेव्हा ओनोरीननं बायकांसाठी दोन पायांचे घोळदार घागरे शिवले, आणि शिवलेलं चालतं की नाही हे बघायला बावन्नाव्या वर्षी स्वतः शहराच्या कडेच्या बुआच्या रानात सायकलवर बसली. मी मागून सीट धरून पळत होते. वीस पावलांवर ती झुडपात गेली. उठली, घागरा झटकला, शिवणी तपासल्या आणि म्हणाली, "मांडीला अजून दोन बोटं सैल हवा."

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत ती झोपेतच गेली. तिच्या टेबलावर पाववाल्याच्या सुनेच्या पहिल्या बाळासाठी शिवलेलं एक टोपरं होतं. शिवून पुरं झालेलं, फक्त धुवायचं राहिलेलं. मी ते खाली आणलं, कोमट पाण्यात धुतलं, खळ न घालता इस्त्री केली, आणि दुपारी पावाच्या दुकानात नेऊन दिलं.